पेंटरचा पहिला डोळा

मेहुण्याच्या फरशीच्या दुकानात पेंटर तीन महिने टिकला, आणि तेही मेहुण्याच्या चांगुलपणामुळे. दुसरा कुणी मालक असता तर त्याने आठव्या दिवशीच कोपरापासून हात जोडले असते.

काम तसं अवघड नव्हतं. गिऱ्हाईक आलं की फरश्या दाखवायच्या, खोल्या किती आणि केवढ्या ते विचारून खोकी काढायची, ट्रक आला की मोडतोड तपासायची. पण पेंटरच्या डोळ्यांना एक खोड होती. एकाच रंगाच्या, एकाच नंबरच्या दोन खोक्यांतल्या फरश्या शेजारी ठेवल्या की त्याला त्यांतला फरक दिसायचा, आणि दिसला की तोंडून निघायचाच. "ही जरा पिवळसर आहे बघा, आणि ही तिच्यापुढे राखाडी वाटते," असं तो अगदी मदत केल्याच्या सुरात सांगायचा. गिऱ्हाईक आधी दोन्ही फरश्यांकडे बघायचं, मग बायकोकडे बघायचं, उद्या येतो म्हणायचं आणि जायचं ते जायचंच.

एका जोडप्याचं पाच खोल्यांचं काम असं हातचं गेलं, तेव्हा मेहुण्याने त्याला मागच्या गोदामात नेलं. मेहुणा त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान, त्यामुळे आवाज चढवायची सोय नव्हती.

"भावोजी," तो म्हणाला, "सारख्याच आहेत म्हणा ना. सगळं जग सारख्याच म्हणतं."

"पण सारख्या नाहीयेत," पेंटर म्हणाला.

मेहुण्याने कपाळाला हात लावला आणि विषय तिथेच सोडला.

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. सत्तावीस वर्षं त्याने दुसरं काही केलंच नव्हतं. औषधांची दुकानं, सायकलींची दुकानं, शिवणकामाचे वर्ग, दातांचे दवाखाने. तो राहायचा त्या भागातल्या मोठ्या चौकात उभं राहून मान फिरवली तर एकेकाळी निम्मी अक्षरं त्याच्या हातची दिसत. शेजारी, दूधवाला, घरमालक, सगळ्यांचा तो पेंटर. त्याचं खरं नाव विचारलं असतं तर निम्म्या लोकांची पंचाईत झाली असती.

मग छापील पाट्या आल्या. काम एका दिवसात गेलं असतं तर एकदाच काय ते वाईट वाटून घेऊन तो मोकळा झाला असता. पण ते गेलं हप्त्याहप्त्याने. आधी मोठी दुकानं गेली, मग लहान गेली, मग नुसतं "येथे गाडी लावू नये" एवढंच उरलं. शेवटच्या वर्षात त्याने रंगवलेल्या पाट्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्यांतल्या दोन "दुकान भाड्याने देणे आहे" अशा होत्या. कामाची खोली त्याने सोडून दिली. रंगांचे डबे, ब्रश, दुघडी शिडी घराच्या गॅलरीत आली आणि कपडे वाळत घालायला जागा उरली नाही.

बायको एका शाळेच्या ऑफिसात कारकून होती. घर तिच्या जिवावर चाललं होतं. ती कधी एका शब्दाने बोलली नाही, आणि नेमकं तेच त्याला जड जायचं. मुलगी कॉलेजात होती. एकदा ती कसलासा फॉर्म भरत होती. वडिलांचा व्यवसाय या रकान्यापाशी तिचा हात थांबेल असं त्याला वाटलं, म्हणून तो उगाचच स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला. परत येऊन बघतो तर तिने "पेंटर" असं लिहून पुढचा रकानाही भरून टाकला होता. त्याला बरं वाटलं आणि लाजही वाटली. कुठलं किती, ते त्याला सांगता आलं नसतं.

असं सगळं चाललेलं असताना बायकोला शाळेतल्या एका बाईंकडून कळलं की, डोळ्यांच्या इस्पितळात दारांवर नावं रंगवून हवी आहेत. इमारत जुनी, दारं लाकडी. तिथे रोज जंतुनाशकाने पुसापुशी व्हायची आणि त्या पाण्याने चिकटवलेल्या छापील पट्ट्या महिन्याभरात सोलून यायच्या. त्यामुळे व्यवस्थापकांना तेलरंगातली अक्षरंच हवी होती. बेचाळीस दारं. पेंटरने मेहुण्याकडे पंधरा दिवसांची रजा मागितली.

"जा, जा," मेहुणा म्हणाला. "आणि घाई करू नका. काम नीट होऊ दे." बोलताना त्याच्या चेहऱ्यावर जी शांती पसरली ती पेंटरच्या नजरेतून सुटली नाही. रंगच ओळखायची सवय असलेला माणूस तो.

बेचाळिसावं दार तळमजल्याच्याही खाली, जिना उतरून उजवीकडे होतं. आधीची अक्षरं अर्धी उडालेली. ती झाकायची तर दाराचा जुना सायीसारखा रंग तसाच्या तसा जुळवायला हवा होता. पेंटर पायरीवर बसला, पांढऱ्यात थोडा पिवळा घातला, सुईच्या टोकाएवढा काळा, मग विचार करून किंचित लाल. काडीने ढवळून त्याने एक ठिपका दारावर लावला आणि बोटाने पसरला. ठिपका दिसेनासा झाला.

"कुठल्या तक्त्यावर बघून केलंत?" मागून आवाज आला.

साठीच्या घरातल्या एक बाई मागे जिन्यात उभ्या होत्या. अंगात पांढरा कोट, कपाळावर सरकवलेला भिंगाचा चष्मा. तक्ता वगैरे काही नाही, असंच केलं, असं त्याने सांगितलं. बाई खाली वाकल्या, दारावरचा ठिपका शोधायला लागल्या, आणि त्यांना तो सापडेना.

"पाटी राहू दे जरा," त्या म्हणाल्या. "आत या."

आतली खोली लहान होती. उंचावर, रस्त्याच्या पातळीला एक खिडकी, त्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे. टेबलावर मेण तापवायचा दिवा, प्लास्टरचे साचे, घासायचं यंत्र. आणि भिंतीलगतच्या उथळ खणांमध्ये ओळीने ठेवलेले डोळे. पेंटर दोन पावलं मागे सरकला.

"सगळ्यांचं तेच होतं," बाई म्हणाल्या. "बसा."

ज्यांचा डोळा अपघातात किंवा आजारात काढावा लागतो, त्यांच्यासाठी त्या खोट्या डोळ्याचं काम करायच्या. एकतीस वर्षं करत होत्या. तो डोळा काही गोल गोटीसारखा नसतो, हे पेंटरला त्या दिवशी कळलं. जाडसर शिंपल्यासारखा असतो, पापणीच्या आत बसतो. खोबणीचा साचा घ्यायचा, मेणात आकार करून बघायचा, मग तोच आकार पांढऱ्या अॅक्रिलिकमध्ये ओतायचा. आणि बुबुळ मात्र हाताने रंगवायचं, एका काळ्या चकतीवर, त्या माणसाचा दुसरा डोळा समोर ठेवून. चकती शर्टाच्या बटणाएवढी.

बाईंनी त्याच्यासमोर तशी एक चकती ठेवली, बारीक ब्रश दिला आणि स्वतः समोर खुर्ची ओढून बसल्या. "माझा डोळा काढा."

पेंटरने वीस मिनिटांत काढला. तपकिरी गोल, भोवती काळी कड, मधे बाहुली, आणि चमक म्हणून पांढरा ठिपका. सुबक होता. बाईंनी तो भिंगाखाली धरला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "चष्म्याच्या दुकानावर लावायला."

पेंटरचे कान तापले. पण त्या हसत नव्हत्या. त्यांनी आपला भिंगाचा चष्मा काढून त्याला दिला आणि पुन्हा बघा म्हणाल्या. तपकिरी म्हणजे कुठला, ते सांगा म्हणाल्या. त्याने बघितलं. बाहुलीभोवती मधासारखी एक फाटकी कड होती. तिच्याबाहेर लालसर तांबूस रेषा, त्यांच्या मधूनमधून हिरवट राखाडी, आणि अगदी बाहेर जिथे पांढरं सुरू होतं तिथे कड मुळी काळी नव्हतीच, धुरकट निळी होती आणि विरघळत गेलेली होती. तो एक एक रंग बोलून दाखवत गेला. बाई पापणी न हलवता ऐकत होत्या. खिडकीतून दिसणारे पाय विरळ झाले, मग पुन्हा वाढले, आणि कुणीतरी चहा घेऊन आलं तेव्हा पेंटरच्या लक्षात आलं की, बेचाळिसाव्या दाराचा रंग डब्यात साय धरून बसला आहे.

जाताना बाईंनी आपला उजवा हात टेबलावरून उचलून त्याच्यासमोर धरला. बोटं थरथरत होती. दीड वर्ष झालं, त्या म्हणाल्या, शिरा काढताना हात ऐकत नाही. दोन जण शिकायला येऊन गेले. एकाला रंग कळत नव्हता, दुसऱ्याला ते खण बघवत नव्हते. आपण थांबलो की हा विभाग बंद होणार, आणि माणसांना तयार डोळ्यांतून त्यातल्या त्यात जवळचा निवडून घ्यावा लागणार. "तुम्ही विचार करा," एवढंच बोलून त्या आत गेल्या.

पेंटरने विचार केला तो नकाराच्याच बाजूने. एकोणपन्नाशीत कुणी उमेदवारी करतं का? दहावीनंतर पुस्तकाला हात लावलेला नाही. आणि पुढे जाऊन तेही काम कुठल्या तरी यंत्राने गिळलं तर? संध्याकाळी भाजी निवडता निवडता त्याने ही सगळी कारणं बायकोपुढे मांडली, आणि ती इतकी नीट मांडली की त्याला स्वतःलाच ती पटली.

बायकोने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अहो, तिथे किती वेळ बसला होतात?"

"चारेक तास झाले असतील."

"दुकानातून तुम्ही दर अर्ध्या तासाने मला फोन करता," ती म्हणाली. "आज एकही आला नाही. मला वाटलं, शिडीवरून पडलात की काय."

पेंटरने निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

मेहुण्याला सांगायला तो स्वतः गेला. मेहुण्याने वाईट वाटल्यासारखा चेहरा करायचा प्रामाणिक प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही. शेवटी दोघंही हसले, आणि त्या दुकानात तीन महिन्यांत पहिल्यांदाच दोघांनी मिळून निवांत चहा प्यायला.

इस्पितळाच्या अटी सरळ होत्या. एक वर्ष बाईंच्या हाताखाली. मग लेखी परीक्षा. आणि त्यानंतर एक डोळा, साचा घेण्यापासून बसवण्यापर्यंत, एकट्याने. त्या वेळी बाईंनी खोलीत बसायचं, पण हात लावायचा नाही आणि तोंडही उघडायचं नाही. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर विभागाला कुलूप.

ब्रशचं काम त्याला लवकर आलं. पाटीवर त्याचा हात खांद्यापासून फिरायचा, इथे तो मनगटही न हलवता नुसत्या बोटांनी चालवायचा होता. पहिले दोन महिने मान आणि अंगठा दोन्ही धरले, मग सुटले. पांढऱ्यावरच्या शिरा रंगवायच्या नसतात, लाल रेशमाचा धागा सोडवून त्याचे तंतू चिकटवायचे असतात, हे कळल्यावर तो चार दिवस येता-जाता बसमधल्या लोकांच्या डोळ्यांतल्या शिरा बघत होता. एका बाईंनी त्याच्याकडे असं काही रोखून पाहिलं की त्यानंतर त्याने तो अभ्यास घरच्या माणसांपुरता ठेवला.

जड गेलं ते पुस्तक. डोळा हलवणारे स्नायू सहा, आणि त्या सहांची नावं त्याच्या डोक्यात पाचाच्या वर राहीनात. मुलीने ती नावं कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून घरभर चिकटवली. फ्रिजवर एक, आरशावर एक, चहाच्या डब्यावर एक. चहा करताना ती विचारायची, "बाबा, वरचा तिरका काय करतो?" आणि पेंटर आधण उकळून अर्धं होईपर्यंत आठवत राहायचा. बायको म्हणायची की, या घरात आता मला येतील ती नावं, पण यांना येणार नाहीत. आणि खरंच, शेवटी शेवटी तो अडला की ती ओट्यापाशी पाठमोरी उभी राहूनच उत्तर सांगायची.

लेखी परीक्षेत तो पास झाला. किती गुण पडले हे त्याने कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मग आली ती केस कापणारी बाई. छत्तीस-सदतीस वर्षांची, बांधा सडपातळ, बोलणं कात्रीसारखं. डोळ्यात गाठ झाली म्हणून सात महिन्यांपूर्वी डावा डोळा काढावा लागला होता. तेव्हापासून ती काळी पट्टी बांधून काम करत होती.

"लोक माझ्याशी बोलत नाहीत हो," ती खुर्चीत बसता बसता म्हणाली. "पट्टीशी बोलतात. आणि माझ्या कामात समोर आरसा. दिवसभर मी मला दिसते आणि गिऱ्हाइकालाही दिसते. तोंड लपवायला जागा नाही."

तिचा उजवा डोळा बघून पेंटर मनात म्हणाला, संपलं. तो तपकिरी नव्हता, घारा नव्हता, हिरवा नव्हता, आणि या तिन्हींपैकी थोडाथोडा होता. खाली राखाडी, वर सोनेरी, आणि बाहुलीजवळ एका बाजूला गंजासारखा एक डाग. बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर हाताची घडी घालून बसल्या होत्या. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली.

साचा चांगला आला. मेणाचा आकार दोनदा तासून पापणी दोन्ही बाजूंना सारखी उघडली. बुबुळ रंगवायला त्याने तीन दिवस घेतले. आभाळ भरून आलेलं होतं, उंच खिडकीतून उजेड असा येतच नव्हता, म्हणून त्याने दिव्याखाली काम केलं. चौथ्या दिवशी डोळा बसवला तेव्हा खोलीत तो इतका बेमालूम दिसला की, केसवाली आरसा खाली ठेवेना. पेंटर घरी गेला आणि बायकोला म्हणाला, झालं बहुतेक.

आठव्या दिवशी ती परत आली. पट्टी बांधून.

"माझा डोळा बाहेर गेल्यावर बदलतो," ती म्हणाली.

खोलीत तो ठीक होता. दुकानातल्या दिव्याखालीही ठीक होता. पण खिडकीजवळच्या खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाने तिला सांगितलं होतं की, एक डोळा हिरवा दिसतोय. पेंटर तिला घेऊन जिना चढून बाहेर पायऱ्यांवर आला. ऊन पडलं होतं. तिने पट्टी काढली. डोळा शेवाळासारखा हिरवा दिसत होता.

त्याला कळलं. पाट्यांच्या दिवसांत तो कुठलाही रंग खोलीत पक्का करत नसे. फळीच्या तुकड्यावर लावून रस्त्यावर न्यायचा, उन्हात बघायचा, सावलीत बघायचा, मगच डबा भरायचा. दिव्याखाली एक दिसणारे दोन रंग उन्हात भांडायला लागतात, हे तो सत्तावीस वर्षं जाणून होता. आणि इथे, पांढरा कोट घातल्यावर, ते जाणणारा माणूस आपण घरी ठेवून आलो होतो.

"चूक माझी आहे," तो तिला म्हणाला. "डोळा पुन्हा करतो. मला आणखी थोडे दिवस द्या."

तिने बहुधा भांडायची तयारी करून ठेवली होती. "बरं," ती म्हणाली. "निदान हा असाच असतो, सवय होईल, असं तरी म्हणाला नाहीत."

व्यवस्थापकांचं म्हणणं पडलं की नियमाने हा नापास. पेंटर समोर उभा होता, आणि त्याच्या डोक्यात फरशीची खोकी रचली जात होती. इस्पितळाचे मोठे डॉक्टरही तिथे होते, ते म्हणाले की, पहिला डोळा पहिल्याच फेरीत बसवलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. तुम्ही बाईंना विचारा. बाईंचं तोंड बंद ठेवायचा नियम त्या खोलीपुरता होता, ऑफिसात नव्हता. त्या म्हणाल्या, "माझा पहिला पाच वेळा केला होता. चौथ्या वेळी तो माणूस रडला आणि पाचव्या वेळी मी."

व्यवस्थापकांनी कागद बाजूला ठेवला.

बाहेर आल्यावर पेंटरने बाईंना विचारलं की, रंगाचं तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं का. शंका आली होती, त्या म्हणाल्या, पण खात्री नव्हती. त्या दिव्याखाली मीही फसले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खालचं छोटं टेबल आणि दोन खुर्च्या उचलून इस्पितळाच्या मागच्या अंगणात नेऊन ठेवल्या. केसवाली समोर बसली. ऊन असताना तिथे, मग भिंतीच्या सावलीत, मग जिन्यात, मग खोलीत दिव्याखाली, असा तो टेबल घेऊन फिरत राहिला. रंगाचा एक थर लावायचा आणि चारही ठिकाणी बघायचा. हिरवा त्याने जवळजवळ काढूनच टाकला आणि त्याच्या जागी राखाडीवर पिवळ्याचा इतका पातळ थर दिला की तो आहे की नाही अशी शंका यावी. रुग्ण येता-जाता थांबून बघत. पहारेकरी खुर्ची घेऊनच आला. इतक्या लोकांसमोर काम करायची त्याला सवय होती, उलट चार भिंतींतच त्याचा जीव आखडला होता. हात सैल पडला.

बाहुलीचा आकार ठरवताना मात्र तो थांबला. खरी बाहुली उजेडात आकसते आणि अंधारात पसरते, खोटी एकदा काढली की तेवढीच. त्याने तिला विचारलं, दिवसातला जास्त वेळ कुठे असता?

"आरशापुढे," ती म्हणाली. "वर सहा दिवे."

"मग बारीक ठेवतो. संध्याकाळी रस्त्यावर थोडा फरक वाटेल."

"संध्याकाळी माझ्याकडे कोण बघतंय," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

डोळा तयार व्हायला आणखी सहा दिवस लागले. बसवायच्या दिवशी डॉक्टर खाली आले, व्यवस्थापक आले, बाई स्टुलावर. पेंटरने पापणी उचलून डोळा आत सरकवला आणि मागे झाला. पापणी दोनदा मिटली, उघडली. कुणीतरी आरसा पुढे केला. केसवालीने तो घेतलाच नाही. उठली, जिना चढून बाहेर गेली.

मग वरच्या खिडकीत तिच्या चपला दिसल्या. समोरून येणारे एक जोडी बूट तिने थांबवले. काहीतरी बोलणं झालं. बूट जरा वळले, एक पाऊल पुढे आले, पुन्हा मागे गेले आणि निघून गेले. ते मिनिट पेंटरला वर्षभरापेक्षा मोठं वाटलं. कोटाच्या खिशात त्याने ब्रश इतका घट्ट धरला होता की नंतर तळव्यावर वळ दिसत होता.

ती खाली आली ती दारातच उभी राहिली.

"मी त्याला बसथांबा विचारला," ती म्हणाली. "त्याने सांगितला."

"मग?" व्यवस्थापक म्हणाले.

"मग काही नाही. नुसता थांबा सांगितला. माझ्या तोंडाकडे बघून, कंटाळून, आणि गेला. सात महिन्यांत माझ्याशी कुणी इतकं कंटाळून बोललेलं नाही."

पेंटरचा जीव भांड्यात पडला. त्याने खुर्ची ओढून घेतली आणि बसला. डॉक्टरांनी तिच्या दोन्ही डोळ्यांवर विजेरी फिरवली आणि व्यवस्थापकांकडे बघून मान हलवली. बाईंनी कपाळावरचा भिंगाचा चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला आणि त्याच्या टेबलावर, ब्रशांच्या शेजारी ठेवून दिला.

पत्र दुपारीच टाइप झालं. तंत्रज्ञ, कृत्रिम नेत्र विभाग, पुढच्या एक तारखेपासून. त्याने बायकोला शाळेत फोन केला. ऑफिसात पालक आले असावेत, मागे गलका होता. त्याने सांगितलं तेव्हा ती "बरं" म्हणाली. मग पुन्हा "बरं" म्हणाली. मग म्हणाली, "थांबा, मी बाहेर येते." गलका मागे पडला. कुठल्या तरी रिकाम्या व्हरांड्यात ती उभी राहिली असणार.

"अगं, ऐकू येतंय ना?"

"येतंय," ती म्हणाली. "मी इथे खाली बसलेय. जरा बसू द्या."

ही बाई एवढी वर्षं काही बोलली नव्हती ती निर्धास्त होती म्हणून नाही, हे त्याला तेव्हा कळलं.

संध्याकाळी त्याला बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. नेहमी तो उभ्यानेही थांबे मोजत यायचा. त्या दिवशी डोकं काचेला टेकलं आणि दुसऱ्याच थांब्याला त्याचा डोळा लागला. असा लागला की गर्दी चढली आणि उतरली, शेजारी तीन माणसं बदलली, त्याचा थांबा आला आणि गेला, आणि त्याला पत्ताच नाही. जाग आली ती वाहकाने खांदा हलवल्यावर. बस रिकामी होती. बाहेर आगाराची लांब भिंत, तिच्यावर ऊन उतरलेलं.

"शेवटचा थांबा, काका," वाहक म्हणाला. "तब्येत ठीक आहे ना?"

"ठीक आहे," पेंटर म्हणाला. "उत्तम आहे."

खाली उतरून त्याने घरी फोन लावला. मुलीने उचलला. मी आगारात आहे, झोपलो होतो, असं त्याने सांगितलं, आणि पलीकडे दोघी मायलेकी फोनपासून दूर जाऊन हसताना ऐकू आल्या. परतीची बस वीस मिनिटांनी होती. पेंटरने पत्राचं पाकीट खिशात चाचपलं आणि बसची वाट न बघता तो चालतच निघाला.